सय्यादचे वय

उर्दू गझलेतला सय्याद कधी म्हातारा होत नाही. जाळे टाकायचे आणि बुलबुल पिंजऱ्यात कोंडायचा, एवढेच त्याचे काम. तो कशासाठी पकडतो, वीस वर्षांनीही त्याच कारणासाठी पकडेल का, हे शायर सहसा विचारत नाही. वर्गात गझल शिकवताना आम्हाला ही उणीव जाणवते. डॉ. सालिम अली यांच्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) या आत्मचरित्रात मात्र शिकाऱ्याला वय आहे.

शाळाशाळांतून सांगितली जाणारी गोष्ट आपल्याला पाठ आहे. मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग दिसला, पश्चात्ताप झाला, तो पक्षिमित्र बनला. पुस्तकात अशी तौबा नाही. तिथला मुलगा चिमणी हलाल करायला निघाला आहे. ही चिमणी वेगळी दिसते, मुसलमानाला चालेल का, ही त्याची शंका. म्हणून तो मामांकडे जातो. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी; ते त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवतात. हलाल-हरामच्या घरगुती शंकेतून एक शास्त्रज्ञ घडू लागला, ही खरी गोष्ट. शाळेच्या गोष्टीतून नेमकी तीच गळते. आपल्याच मुलांपासून ती का लपवायची?

त्याहून बोलकी आहे १९०६-०७ ची बालपणीची नोंद. घरट्यात मादी अंड्यांवर, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. मुलगा नर टिपतो. थोड्याच वेळात दुसरा नर येतो. तोही टिपला जातो. सात दिवसांत आठ नर! नोंद लिहिली ती नेमबाजीची फुशारकी म्हणून, हे सालिम अली स्वतःच सांगतात. पण म्हातारपणी त्यांना तिचा अभिमान वाटतो, कारण मादीला नवा जोडीदार किती लवकर मिळतो हे तिच्यात टिपले गेले आहे. नोंद तीच, वाचणारा शिकारी बदललेला.

हा बदल एका दिवसात झाला नाही. बर्लिनला जिवंत पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास पाहून ते परतले, तेव्हा हाताला नोकरी नव्हती. १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्यांची वसाहत न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादीने पसंत केले की पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो, हे त्यांना शिडीच्या मचाणावर बसून कळले. मचाण शिकाऱ्याचे, दम धरणेही शिकाऱ्याचेच. बंदूक मात्र सुटली नव्हती. संस्थानांच्या पक्षी-पाहणीत नमुन्यांसाठी ती चालतच राहिली, आणि त्याबद्दल ते माफी मागत नाहीत. हळव्या वाचकाला हे खटकेल. आम्हाला यातच पुस्तकाचा प्रामाणिकपणा दिसतो. खटकते ते वेगळे. गोळी झाडताना आत काय होत होते, यावर लेखक फार कंजूष आहे. पत्नी तहमिना यांच्या १९३९ मधील मृत्यूने हललेला हा माणूस पाखराच्या मरणापाशी थांबत नाही.

भरतपूरचे तळे राजेरजवाड्यांच्या शिकारीचे. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्याच तळ्यावर पुढे सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम केले. पक्षी धरायला बिहारचे मीरशिकार आणले होते. पिढीजात सय्याद. जाळे टाकायचे, पक्षी अलगद सोडवायचा, पायात नंबराचे कडे घालायचे, आणि हात उघडायचा.