डोळे मिटण्याआधी: विनोबांचा सहावा अध्याय वाचताना

ध्यानाचं कुठलंही अॅप उघडा, सुरुवात ठरलेली असते. पाठ ताठ ठेवा, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, दहा मिनिटं. मग एक मऊ आवाज सांगतो की शांतता तुमच्या आतच आहे. विनोबांच्या ‘गीता प्रवचने’तलं सहावं प्रवचनही याच विषयावर आहे आणि त्याचं शीर्षकच ‘चित्तवृत्ति-निरोध’ आहे. शब्द पतंजलीचा, अध्याय गीतेचा. पण ते वाचायला घेतलं की लक्षात येतं, या माणसाला आपल्या मिटलेल्या डोळ्यांत फारसा रस नाही. उरलेल्या दिवसभरात तुम्ही काय करता, याची तो चौकशी करतो.

ही चौकशी आज फार कमी लोक करतात. म्हणून हे प्रवचन वाचावं असं मला वाटतं. आणि ज्या एका जागी ते मला पटत नाही, तिथे भांडावं असंही वाटतं.

आधी थोडा संदर्भ. १९३२ साल, धुळ्याचा तुरुंग. सत्याग्रही कैद्यांसमोर विनोबा दर रविवारी एकेका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि १९ जूनला अठरावा अध्याय संपला. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ही प्रवचनं लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत. सहावं प्रवचन २७ मार्चचं. श्रोते कोण होते हे विसरून ते वाचू नये. त्यांचं खाणं, झोपणं, उठणं सगळं सरकार मोजून देत होतं. अशा माणसांना विनोबा सांगत होते की जीवन मोजून-मापून जगा.

प्रवचनाचा सांगाडा तीन गोष्टींचा आहे. चित्ताची एकाग्रता, तिला आधार म्हणून जीवनाची परिमितता, आणि तिसरी मंगल दृष्टी. विनोबांचं म्हणणं असं: नुसतं आसन घालून, नजर स्थिर करून एकाग्रता येत नाही. बाहेरचा व्यवहार सैल असेल, दिवसभर मन जिथे-तिथे उधळलं असेल, तर संध्याकाळी अर्धा तास बसून ते गोळा होणार नाही. औषध आपण मापून घेतो, तसं खाणं, झोप, बोलणं, बघणं मापून घ्यायला ते सांगतात. उदाहरण घरातलं आहे आणि वाक्यं छोटी आहेत. शास्त्राचा दरारा कुठेच जाणवत नाही. ज्ञानेश्वरांनी याच अध्यायात कुंडलिनीचं अद्भुत, अंगावर काटा आणणारं वर्णन केलंय. ज्ञानेश्वरी जगलेल्या विनोबांना ते माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी तुरुंगातल्या माणसांसाठी त्यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या साऱ्या प्रवचनात मला हा निर्णय सगळ्यात धीट वाटतो.

आमच्या कामात याला अगदी ओळखीचं रूप आहे. सर्व्हरवर झेपेल त्यापेक्षा जास्त रिक्वेस्ट यायला लागल्या की मॉनिटरिंगचे अलर्ट वाजू लागतात. अलर्ट म्यूट केला तर खोलीत शांतता होते. सर्व्हरवरचा लोड मात्र तेवढाच राहतो. लोड कमी करायचा तर आत येणाऱ्या रिक्वेस्टवर मर्यादा घालावी लागते. विनोबांची परिमितता ही ती मर्यादा आहे, आणि आज ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं म्यूटचं बटण आहे. मी ज्या एका कंपनीत होतो तिथे २१ जूनला लॉबीत मॅट अंथरून सगळ्यांना अनुलोम-विलोम करायला लावायचे. त्याच आठवड्यात रात्री दोनला ऑन-कॉलचा फोन यायचा तो यायचाच. रोटेशनमध्ये आणखी दोन माणसं घ्या, असं त्या मॅटवर बसून कोणी म्हणत नसे.

हे फक्त विनोबांचं मत आहे असंही नाही. पतंजलीची सूत्रं, पाठभेद धरून, १९५-१९६ आहेत. त्यातली आसनावरची सूत्रं मोजून तीन. आठ अंगांत आसन तिसरं येतं. पहिला मान यमांचा: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. नीट पाहा, हे पाचही मुख्यतः इतरांशी वागण्याचे नियम आहेत. एकट्याने खोलीचं दार लावून अस्तेय पाळता येत नाही, चोरायला समोर कोणीतरी लागतं. पुण्यातून सगळ्या जगाला आसनं शिकवणाऱ्या बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६च्या ‘लाइट ऑन योग’मध्ये दोनशे आसनं आहेत, पण त्याआधीच्या लांबलचक प्रस्तावनेत यम-नियमांची फोड आहे. लोक फोटो बघतात आणि प्रस्तावना ओलांडून जातात. त्याचा दोष अय्यंगारांवर ढकलणं अन्यायाचं होईल.

इथपर्यंत मी विनोबांच्या पाठीमागे आहे. आता भांडण.

मी मूळचा जऊळक्याचा. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं गाव, म्हणून ‘जऊळका रेल्वे’. आसपास सोयाबीन, तूर, हरभरा. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २००६च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत होता. ते पॅकेज कशामुळे आलं होतं हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. या गावात परिमितता हा शब्द घेऊन गेलं की तो विचित्र वाजतो. इथे मोजून-मापून सगळं आहेच, फक्त मोजणारा हात दुसऱ्याचा आहे. बी-बियाण्याची थैली किती, पीक कर्ज किती, लाइट किती तास, हे आधीच ठरलेलं. स्वतः घातलेली मर्यादा आणि बाहेरून पडलेली टंचाई दिसायला सारखीच. चित्तावर मात्र दोघींचा परिणाम उलटा होतो. पहिली माणसाला मोकळं करते आणि दुसरी रात्रभर जागं ठेवते.

विनोबांना हा फरक कळत नव्हता असं म्हणता येत नाही. समोर कैदी बसलेले होते. कदाचित म्हणूनच ते बोलले: तुरुंगाने दिलेलं माप आपलं मानून घेतलं तर त्याचं साधन होतं. पण ते सत्याग्रही होते, स्वतःहून आत आले होते. कर्जात आलेला माणूस स्वतःहून आलेला नसतो. हा धागा प्रवचनात सुटलेला राहतो.

तिसरी गोष्ट, मंगल दृष्टी, आणखी अवघड. विनोबा म्हणतात ते साधारण असं: मीच एकटा माझा राखणदार आणि बाकी सगळे मला खायला टपलेले, असं वाटत असेल तोवर चित्त एकाग्र होणार नाही. जगावर विश्वास हवा. मानसशास्त्र म्हणून हे शंभर टक्के खरं आहे. भेदरलेलं मन एका जागी बसत नाही. प्रश्न इतकाच, की भेदरण्याला खरं कारण असेल तेव्हा काय करायचं?

योग दिन २१ जूनला येतो. त्याच सुमारास मृग संपून आर्द्रा लागते. ज्या दिवशी शाळेच्या पटांगणात ताडासन चालू असतं, त्या दिवशी आमच्याकडे माणसं आभाळाकडे बघत असतात. पेरणी झाली असेल तर पाऊस उघडला म्हणून, झाली नसेल तर आला नाही म्हणून. अशाच एका जूनमध्ये मी घरी होतो, सकाळी ओसरीवर बसायचो. बाबा म्हणाले, “डोये मिटून बसाले काई नाई लागत बापा. पन मिटले का मले वावरच दिसते.” माझ्या मते चित्तवृत्तींवरची ही अत्यंत अचूक टिप्पणी आहे, आणि ती अश्रद्धेतून आलेली नाही.

इथे लिहिणाऱ्याला एक मोह होतो. म्हणावंसं वाटतं, उधारीचं बियाणं दरवर्षी मातीत टाकणं हीच तर मंगल दृष्टी! शेतकरी खरा योगी! अशा कविता आपल्याकडे पोत्याने आहेत. मला हे बोलणं सोयीचं वाटतं, आणि ती सोय लिहिणाऱ्याची आहे. पेरण्यावाचून पर्याय नसेल तर पेरण्याला श्रद्धा म्हणू नये. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत सौदे त्याच्याखाली होत होते. त्या फरकाकडे मंगल दृष्टीने पाहिल्याने तो भरून निघत नाही.

विनोबांना त्यांचंच उत्तर पुढे एकोणीस वर्षांनी सापडलं असं मला वाटतं. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली, रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. मग हा माणूस वर्षानुवर्षं देशभर चालत राहिला. भूदानात आलेली बरीच जमीन नापीक किंवा वादातली निघाली हे खरं. पण जग मंगल मानायचं असेल तर ते थोडंफार मंगल करावंही लागतं, हे सहाव्या प्रवचनात न आलेलं वाक्य त्यांनी पायांनी लिहिलं.

आणि त्याच दृष्टीची दुसरी बाजूही त्यांच्याच आयुष्यात दिसते. आणीबाणीत ते पवनारला मौनात होते, आणि ‘अनुशासन पर्व’ हे त्यांच्या नावाचे दोन शब्द भिंतींवर रंगवले गेले. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं यावर त्यांचे अनुयायी आजही वाद घालतात. मला तो वाद सोडवायचा नाही. सगळीकडे मंगल बघायची सवय लागलेल्या माणसाचे शब्द सत्तेला किती सहज वापरता येतात, एवढं त्यातून दिसतं. आतली शांतता शिकवणाऱ्या कोणालाही, त्यात आजचे अॅपवाले आले, हा धोका लागू आहे.

म्हणून या प्रवचनाच्या शेजारी मी पतंजलीच्या पहिल्या पादातलं तेहेतिसावं सूत्र ठेवून वाचतो. तिथे चित्त प्रसन्न राहण्यासाठी एकच एक दृष्टी सांगितलेली नाही. चार सांगितल्या आहेत, आणि समोर कोण आहे त्यावर त्या बदलतात. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, पाप्याबद्दल उपेक्षा. म्हणजे जगात दुःख आहे आणि पापही आहे, हे पतंजली आधीच मान्य करून बसला आहे. सगळ्या केसेसना एकच डीफॉल्ट लावण्यापेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. दुःखी माणसाकडे बघून मंगल वाटून घ्यायची सक्ती इथे नाही. करुणा वाटली तरी पुरे, आणि करुणा माणसाला जागेवरून उठवते. उपेक्षेचं मात्र जपून घ्यावं लागेल. वजनकाट्यात मारणाऱ्याकडे दुर्लक्ष करा, असा तिचा अर्थ मी तरी घेत नाही. त्याच्या विचाराने आपली रात्र नासू देऊ नका, आणि सकाळी तक्रार करा, असा घेतो. भाष्यकार याला मान डोलावतील की नाही, तो वेगळा विषय.

एवढं भांडूनही हे प्रवचन मी पुन्हा-पुन्हा उघडतो, आणि तरुण मित्रांनीही ते वाचावं असं म्हणेन. वीसेक मिनिटांत वाचून होतं. शेवटी विनोबा अभ्यास, वैराग्य आणि श्रद्धेवर येतात, कारण गीतेतला अध्यायही तिकडेच जातो. अर्जुन विचारतो, प्रयत्न अर्धवट राहिला, हेही गेलं आणि तेही मिळालं नाही, तर फाटलेल्या ढगासारखा तो माणूस विरून जातो का? त्या ढगाचा अर्थ जऊळक्यात जूनमध्ये कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. कृष्ण त्यावर धीर देतो, विनोबा श्रद्धेचं बोट धरतात आणि रविवार संपतो. मला तिथे अजून दोन पानं हवी होती.