दिवा पाठीवर की घोट्यावर?

सायकलस्वाराने अंगावर घालायच्या दिव्यांमध्ये लिआ ब्यूकली यांचे जाकीट बरेच गाजले. कापडावर शिवता येणारा 'लिलीपॅड' हा छोटा नियंत्रक त्यांनीच घडवला. २००७ पासून तो बाजारात मिळू लागला. वीजवाहक धाग्याने जाकिटाच्या पाठीवर एलईडींचे दोन बाण शिवायचे. बाहीवरचे बटण दाबले, की डावा किंवा उजवा बाण लुकलुकतो. विद्युतमंडल, शिवणकाम आणि संगणकाची आज्ञावली एकत्र शिकवणारे इतके सुरेख साधन क्वचितच सापडेल.

पण सुरक्षिततेच्या कसोटीवर ते किती उतरते? बाणाचा अर्थ लावण्याआधी मोटारचालकाला 'पुढे माणूस आहे' हे कळायला हवे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ओळखायला दोन सेकंद उशीर झाला, तर ३३ मीटर अंतर संपलेले असते!

१९७३ साली स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी माणसाच्या सांध्यांवरचे फक्त प्रकाशठिपके दिसतील असे चित्रण केले. ठिपके स्थिर असताना बघणाऱ्यांना बोध होत नसे; हलू लागताच माणूस चालतो आहे हे क्षणात ओळखू येई. सायकलस्वाराचे गुडघे व घोटे पॅडलबरोबर सतत वरखाली होतात, पाठ मात्र जवळजवळ स्थिर असते. जोआन वुड व सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात परावर्ती जाकीट घातलेले ५० टक्के सायकलस्वार चालकांना ओळखता आले. गुडघ्या-घोट्यांवर परावर्ती पट्ट्या बांधल्यावर हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. नुसत्या फ्लुरोसंट जाकिटाचे प्रमाण १५ टक्केच होते. असे कापड चमकते ते मुख्यतः अतिनील किरणांमुळे, आणि हेडलाइटच्या प्रकाशात ते फारच कमी असतात.

तेव्हा या जाकिटात पहिली दुरुस्ती सुचवावीशी वाटते ती हीच : बाण राहू द्यावेत, पण दोन दिवे घोट्यांवर उतरवावेत. सायकलचा मागचा दिवा अर्थातच हवा.

विज्ञान प्रदर्शनात आपण परीक्षक बहुधा एलईडी मोजतो. त्याऐवजी 'किती अंतरावरून ओळखू येते?' असे विचारू या. अंधार पडल्यावर शाळेच्या मैदानावर एकाने सायकल चालवावी. दिवा कुठे बांधला आहे हे ठाऊक नसलेल्यांनी, सायकलस्वार ओळखू येताच हात वर करावा. अंतर टेपने मोजावे. संध्याकाळच्या शिकवणीहून अंधारात परतणाऱ्या आपल्याच मुलांसाठी हे मोजमाप आहे.