शोरीलमध्ये न दिसणारे

मोशन डिझाइन स्टुडिओचा शोरील हा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि तो समीक्षकाच्या नजरेने वाचायला हवा, असे मी गेली काही वर्षे म्हणत आले आहे. दीड-दोन मिनिटांची फीत, तीत वीस-पंचवीस कामांचे तुकडे, खाली ठेका धरायला लावणारे संगीत. चित्रपटाची श्रेयनामावली, साबणाची जाहिरात, बँकेचे फिरणारे बोधचिन्ह, वेबमालिकेचे शीर्षक, सगळे एकाच वेगाने पळते. चित्रपटाचा निर्माता असो की एखाद्या उत्पादनाचा जाहिरात विभाग, स्टुडिओची निवड आज बहुतेक वेळा ही फीत पाहूनच होते. मात्र यातला प्रत्येक तुकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता, हे शोरील कधीच सांगत नाही. उत्तरे भराभर दिसतात आणि प्रश्न सगळे गाळलेले असतात.

या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर नेमके उलटे दिसते. 1955 साली ऑटो प्रेमिंजर यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटासाठी सॉल बास यांनी वेडावाकडा, कापल्यासारखा दिसणारा एक हात काढला. चित्रपट हेरॉइनच्या व्यसनाचा. तोच हात पोस्टरवर आला, वर्तमानपत्री जाहिरातीत आला आणि पडद्यावर श्रेयनामावलीत हलला. आज ज्याला आपण ब्रँडचे काम आणि करमणुकीचे काम असे दोन खात्यांत विभागतो, ते तिथे एकच होते. प्रेमिंजर यांनी फिल्मच्या डब्यांवर प्रोजेक्टर चालवणाऱ्यांसाठी सूचना लावली होती, की शीर्षके सुरू होण्याआधी पडदा बाजूला करा. तोवर नावे बंद पडद्यावरच उमटत आणि प्रेक्षक खुर्च्या शोधत असत. बास यांच्या कौशल्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. मला ती डब्यावरची चिठ्ठी जास्त महत्त्वाची वाटते. काम देणाऱ्याला आपण काय विकत घेतले आहे, हे कळल्याचा तो पुरावा आहे.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. चॅनल फोर ही वाहिनी 2 नोव्हेंबर 1982 रोजी सुरू झाली. ती स्वतः कार्यक्रम तयार करणार नव्हती, बाहेरच्या अनेक निर्मात्यांकडून घेणार होती. मार्टिन लॅम्बी-नेर्न यांच्या स्टुडिओने हीच व्यवस्था चिन्हात आणली. रंगीत ठोकळे निरनिराळ्या दिशांनी उडत येतात आणि जुळून 4 हा आकडा होतो. म्हणजे संस्थेच्या घटनेतले एक कलम त्यांनी हलवून दाखवले. गंमत अशी, की ही हालचाल संगणकावर करून देण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. ते काम लॉस एंजेलिसला करून घ्यावे लागले. विचार एका ठिकाणी, यंत्र दुसऱ्या ठिकाणी. आजच्या निवड समितीने त्यांना ‘तुमच्या शोरीलमध्ये थ्रीडी दिसत नाही’ म्हणून परत पाठवले असते.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके. दूरदर्शनचे चिन्ह काढणारे देवाशीष भट्टाचार्य तेव्हा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थी होते. विद्यार्थ्याकडे कसला शोरील? दोन वक्र आकार आणि मध्ये गोळा, त्यातून डोळा. आर. एल. मिस्त्री यांनी त्या रेखाटनाच्या प्रती कॅमेऱ्याखाली फिरवत त्याला गती दिली, पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची धून आली आणि 1976 मध्ये आकाशवाणीपासून वेगळ्या झालेल्या या संस्थेला चेहरा मिळाला. साधने इतकी तुटपुंजी, की आजचा कुठलाही मुलगा ते फोनवर करील. पण ‘दूर’ आणि ‘दर्शन’ या दोन शब्दांना डोळ्याखेरीज दुसरे कोणते रूप द्यावे, हे मला अजून सुचलेले नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण, एका माहितीपट मालिकेसाठी जुनी छायाचित्रे शोधून देण्याचे काम मी करत होते, तेव्हा शीर्षक-दृश्यासाठी स्टुडिओ निवडण्याच्या बैठकीत मलाही बसवले गेले. संस्थेचे नाव सांगत नाही. मालिकेचा विषय होता कोकणातली जुनी बंदरे. टेबलावर काय होते? तीन परदेशी मालिकांच्या शीर्षकांच्या लिंका. ‘असे काहीतरी हवे.’ चार स्टुडिओंना बोलावले होते आणि चौघांकडूनही आठ दिवसांत फुकट नमुना मागवला होता. बंदरे का ओस पडली, गाळ भरला की आगबोटींचे मार्ग बदलले, हे एकाही स्टुडिओला कोणी सांगितले नव्हते. चारही नमुने देखणे होते. चारही नमुन्यांत धुके होते, नकाशाच्या रेषा होत्या आणि पाण्यात विरघळणारी अक्षरे होती. स्टुडिओंना दोष कसा देणार? त्यांना प्रश्नाऐवजी उत्तर दिले होते आणि त्याची नक्कल मागितली होती.

फुकट नमुन्याच्या या प्रथेबद्दल माझे मत कडक आहे. स्टुडिओ जे विकतो त्यात विचार हा सगळ्यात महाग माल, आणि तोच आपण चवीपुरता मागतो. निवड न झालेल्या तिघांचा खर्च पुढच्या कोणाच्या तरी बिलात चढतो, म्हणजे फुकट तो नसतोच. निदान नमुन्याचे मानधन ठरवून द्यावे आणि दोघांनाच बोलवावे.

मग निवडायचे कसे? शोरील अगदी टाकाऊ आहे असे नाही. हात किती सफाईदार आहे, अक्षराची जाण आहे का, एवढे त्यातून कळते. पण त्यानंतर एकच पूर्ण झालेले काम घेऊन बसावे आणि त्याचा अ‍ॅनिमॅटिक मागावा. अ‍ॅनिमॅटिक म्हणजे स्थिर चित्रे आवाजाच्या लांबीवर मांडून केलेला कच्चा आराखडा. कच्च्यापासून पक्क्यापर्यंत काय बदलले, कोणाच्या सांगण्यावरून बदलले, यावर स्टुडिओ अर्धा तास बोलू शकला तर तो विचार करणारा आहे. गोपनीयतेच्या करारामुळे प्रत्येक कामाचा दाखवता येत नाही हे खरे, पण एखादा तरी निघतो. बदल सांगायचे तेही इथेच. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर तीस सेकंदांच्या 720 होतात. हाताने काढताना प्रत्येक चित्र दोन चौकटींना वापरले तरी 360 चित्रे. ती झाल्यावर ‘बाई जरा डावीकडे घ्या’ म्हणणे म्हणजे भिंत रंगवून झाल्यावर खिडकी हलवायला सांगणे.

करार तर आपल्याकडे बहुधा ईमेलवरच्या ‘ओके’वर उरकतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक ती करवून घेणारा असतो. तिच्यासाठी बाहेरच्या चित्रकाराने काढलेल्या बोधचिन्हाबाबत मात्र तसे गृहीत धरू नये. तिथे लेखी हस्तांतरण हवे. त्या लेखात मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत चित्रपट दाखवायची स्वप्ने पाहणाऱ्या निर्मात्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. मूळ, उघडता येणाऱ्या फायली मिळणार की नाही, हेही आधी लिहून घ्यावे. नाहीतर पुढच्या पर्वात एका नावाचे स्पेलिंग बदलायला पुन्हा त्याच दारात जावे लागते, आणि तोवर तो कलाकार नोकरी सोडून गेलेला असतो.

राहिला श्रेयाचा मुद्दा. ‘एक अनेक और एकता’ हा 1974 चा फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट आपल्या पिढीला पाठ आहे. विजया मुळे यांचे दिग्दर्शन, भीमसेन यांचे अ‍ॅनिमेशन, वसंत देसाई यांचे संगीत. ही तिन्ही नावे आज सांगता येतात, कारण ती नोंदली गेली. त्या बंदरांच्या मालिकेत शीर्षक करणाऱ्या स्टुडिओचे नाव शेवटच्या पट्टीत, वाहनव्यवस्थेच्या खाली आले. ज्या दोन मुलींनी ते प्रत्यक्ष केले, त्यांची नावे नाहीत.