साभार परत कोण करणार?

केशवसुतांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. १९०५ साली ते गेले. हरिभाऊ आपट्यांनी त्यांची कविता पुस्तकात आणली ती त्यानंतर दहाएक वर्षांनी. बालकवींचीही तीच गत. आधुनिक मराठी कवितेचा पाया ज्यांनी घातला असं आपण म्हणतो, त्यांना त्यांच्या काळातल्या वाचकाने ओळखलं ते मासिकांच्या पानांवरून. त्यातलं एक महत्त्वाचं मासिक मुंबईचं नव्हतं की पुण्याचं नव्हतं. जळगावात नारायण नरसिंह फडणीस १८८७पासून 'काव्यरत्नावली' काढत होते. ते निव्वळ कवितेला वाहिलेलं होतं आणि १९३५पर्यंत चाललं. १९०७ साली याच गावात कविसंमेलन भरलं, आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या पोराला 'बालकवी' ही पदवी मिळाली तीही तिथेच. त्या काळी कवी आधी मासिकात घडायचा. पुस्तक मागाहून आलं तर आलं.

आज हा क्रम पुरता उलटला आहे. आधी संग्रह येतो, बहुतेक वेळा कवीच्याच खर्चाने. मग प्रकाशन समारंभ, पुरस्कारांना पाठवायच्या प्रती, शाल-श्रीफळ. नियतकालिकाची आठवण होते ती शेवटी, परीक्षण हवं असतं म्हणून. मधली पायरीच गाळली गेली आहे: कविता अनोळखी संपादकाकडे जाणं, तिथून 'साभार परत' येणं, तिच्यावर पुन्हा बसणं, दुसऱ्या कुठल्या अंकाकडे ती धाडणं, आणि चार-सहा वर्षं असं चालल्यावर आपल्याजवळ एक ऐवज जमला आहे हे हळूहळू उमगणं. मराठीत कवी उदंड आहेत आणि कविता छापायला पानंही भरपूर आहेत. कमतरता आहे ती नकार देणाऱ्याची. लघुनियतकालिकांची आजची स्थिती मी या एकाच बाजूने पाहणार आहे. बाकीची रडगाणी पुष्कळांनी गाऊन झाली आहेत.

साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांची कथा आपल्याकडे बंडाची कथा म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही. १९६३ साली अशोक शहाण्यांनी 'मनोहर'मध्ये मराठी वाङ्मयावर 'क्ष-किरण' टाकला, त्याच सुमाराला 'असो' निघालं, पुढे 'येरू', 'फक्त', 'अबकडई' आणि कितीतरी. १९६९मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. हा प्रसंग इतका नाट्यमय आहे की पुढच्या प्रत्येक पिढीला आपलं अनियतकालिक म्हणजे त्या होळीचाच पुढचा अंक वाटत आला. पण बंडाच्या झगमगाटात एक साधी गोष्ट झाकली जाते. 'सत्यकथे'वर राग होता तो तिथल्या अभिरुचीच्या मक्तेदारीवर, आणि तो रास्त होता. तिचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना जी लांबलचक पत्रं लिहीत, ओळ न् ओळ तपासत, बदल सुचवत, त्याचा पुष्कळांना जाचही झाला. तरीही वसंत आबाजी डहाक्यांची 'योगभ्रष्ट' १९६६ साली छापली ती 'सत्यकथे'नेच. आणि ज्यांनी तिच्याविरुद्ध अंक काढले तेही संपादनाच्या बाबतीत ढिले नव्हते. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचं 'शब्द' सायक्लोस्टाइलवर निघायचं, १९५४ ते १९६०. त्यात काय घ्यायचं याची निवड कडक होती, फक्त तिचे निकष गिरगावातल्या 'सत्यकथे'च्या कचेरीत ठरत नव्हते. कोलटकरांचं उदाहरण बघा. पन्नासच्या दशकापासून त्यांची कविता अंकांतून येत होती आणि 'अरुण कोलटकरच्या कविता' हा संग्रह निघाला १९७७ साली, शहाण्यांच्याच 'प्रास'कडून. दोन दशकं कविता पुस्तकाबाहेर राहिली आणि तिचं काही बिघडलं नाही. आज पंचविशीतल्या कवीला दोन वर्षं थांब म्हणून सांगून पाहा.

नव्वदच्या दशकात हे सगळं पुन्हा एकदा जमून आलं. हेमंत दिवटे यांचं 'अभिधा' आणि मग 'अभिधानंतर', त्याच्या आगेमागे 'शब्दवेध', श्रीधर तिळवे यांचं 'सौष्ठव', नंतर मंगेश नारायणराव काळे यांचं 'खेळ'. या अंकांवर कंपूशाहीचे आरोप झाले आणि ते अगदीच निराधार नव्हते; आपल्याच कवींवर आपणच लेख लिहायचे, आपणच पिढीचं बारसं करायचं, हे सगळं तिथे घडलं. मला मात्र त्यांची दोन कामं मोलाची वाटतात. एका कवीची एक कविता छापून त्याची बोळवण न करता त्याच्या कविता सलग छापायच्या. आणि त्या कवितेविषयी त्याच अंकात, निदान पुढच्या अंकात, कुणीतरी गंभीरपणे भांडायचं. सलग छापल्याशिवाय वर्जेश सोलंकीसारख्या कवीची चव कळत नाही. त्याची एकेकटी कविता गप्पा मारल्यासारखी वाटते. दहा वाचल्या की ध्यानात येतं, महानगराच्या कडेला राहणाऱ्या माणसाची अपमान गिळायची सवय त्या गप्पांतून आकार घेते आहे. दिवट्यांच्या कवितेतली ब्रँडची नावं, मन्या जोशीची तिरकस, भाषेची मोडतोड करणारी मस्ती, सलील वाघचे कोरडे, बुद्धीने रचलेले तुकडे हे त्या काळात धक्कादायक होते. त्यातलं काही आज जुनं झालं आहे. जाहिरातींची आणि यंत्रांची नावं कवितेत फार लवकर शिळी होतात, आणि नव्वदोत्तरी कवितेतला तो भाग आता तळटिपा मागू लागला आहे. अरुण काळे यांची कविता मात्र टिकली. जागतिकीकरण तिला दुकानाच्या काचेतून दिसत नव्हतं. वस्तीला आणि चळवळीला ते कुठे येऊन भिडतं तिथून ते दिसत होतं. 'सायरनचे शहर' आणि 'नंतर आलेले लोक' आज वाचतानाही त्यातली चीड ताजी आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल अंकांच्या पत्त्यांत दिसतो. साठच्या दशकात औरंगाबादचं 'वाचा' किंवा पुढे गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' असे ठळक अपवाद सोडले, तर लघुनियतकालिक म्हणजे मुंबई हे समीकरण होतं. आता 'काव्याग्रह' वाशिमचं, 'नवाक्षर दर्शन' सावंतवाडीचं, 'वाघूर' हा दिवाळी अंक जळगावकडचा. आणि धुळ्याची 'कविता-रती' या सगळ्यांच्या आधीपासूनची. पुरुषोत्तम पाटलांनी ती १९८५ साली सुरू केली आणि २०१७च्या जानेवारीत निधन होईपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळली. त्यांच्यामागेही ती चालू राहिली. 'काव्यरत्नावली'चं जळगाव आणि 'कविता-रती'चं धुळे यांच्यात अंतर किती, तर एसटीने अडीच-तीन तासांचं. खानदेशाने फक्त कवितेला वाहिलेली दोन दीर्घायुषी नियतकालिकं दिली, आणि दोन्हींमागे एकेका माणसाची चिकाटी होती. संस्थांना जे पेललं नाही ते इथे एकेकट्या संपादकाने केलं. पाटील स्वतः कवी होते, पण 'तळ्यातल्या सावल्या' लिहिणाऱ्या या माणसाने आपल्या वळणाचीच कविता छापायची असा हट्ट धरला नाही. 'कविता-रती' कधी कुठल्या चळवळीचं मुखपत्र झाली नाही. त्यामुळे तिच्यावर सौम्यपणाचा शिक्का बसला. तो शिक्का मला अन्यायाचा वाटतो. बंडखोर अंक चार-दोन वर्षांत थकतात, आणि मग त्यांच्यामागून आलेला कवी कविता पाठवणार कुठे, तर धुळ्याला.

पत्ते बदलले तशी कविताही बदलली. कल्पना दुधाळ यांच्या कवितेत शेती येते ती राबणाऱ्या बाईच्या अंगाने. अजय कांडरांच्या 'आवानओल'मध्ये कोकण आहे, पण पर्यटकाच्या डोळ्यांचं नाही. अजीम नवाज राही वऱ्हाडातल्या छोट्या गावचं मुसलमान घर, बाजार, उधारी मराठी कवितेत आणतात, आणि ते याआधी जवळपास आलेलंच नव्हतं. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड'ने आणि भुजंग मेश्राम यांच्या 'उलगुलान'ने जी वाट काढली, तिच्यावर आदिवासी कवींची पुढची पिढी चालते आहे. या सगळ्यांना मुंबईच्या एखाद्या संपादकाच्या दारात उभं राहावं लागलं नाही हे चांगलंच झालं.

आता वाईट बातमी. या प्रत्येकाच्या मागे त्याच्यासारखं लिहिणाऱ्यांची रांग लागली आहे, आणि अंक त्या रांगेला पानं पुरवत आहेत. शेतीच्या कवितेचं काय झालं ते पाहा. फास, भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, सातबारा, ढगाकडे बघणारा बाप. दहा कवींच्या दहा कवितांत हेच सामान, याच क्रमाने. दुःख खरं आहे, लिहिणाराही बहुधा शेतकऱ्याच्याच घरातला आहे. म्हणून तर त्या कवितेला नाही म्हणायला संपादकाची जीभ रेटत नाही. विषयाच्या थोरवीमुळे कविता छापली जाते, आणि कवीला हे कुणी सांगतच नाही की तुझ्या बापाचं दुःख तू दुसऱ्याच्या शब्दांत सांगतो आहेस. आईवरच्या कवितेचं आणि महापुरुषांवरच्या कवितेचंही हेच झालं आहे. शहरी कवितेतही वेगळं काही नाही. तिथे एकटेपणा, मोबाइलचा पडदा आणि इंग्रजी शब्दांची फोडणी.

ही स्थिती आली कशी? एक कारण उघड आहे. व्हॉट्सअॅपवर कविता टाकली की पाच मिनिटांत अंगठे उमटतात; वाहवा इतकी चटकन मिळत असताना संपादकाच्या उत्तराची तीन महिने वाट कोण बघणार? पण ज्या कारणाबद्दल कमी बोललं जातं ते विद्यापीठातलं आहे. लघुनियतकालिकं चालवणारे बहुतेक जण प्राध्यापक किंवा शिक्षक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९मध्ये 'केअर' यादी आणली, बढतीसाठी मान्यताप्राप्त नियतकालिकात शोधनिबंध हवा झाला, आणि वाङ्मयीन त्रैमासिकांकडे निबंधांचा लोंढा वळला. निबंधकाराला अंकाची गरज, अंकाला पैशांची. कविता या सौद्यात मागे सरकली, तिला पुन्हा पानपूरकाची जागा आली. फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला खरा, पण तोवर काही चांगल्या अंकांची सवय बिघडली होती.

टपालाचं दुखणं जुनंच आहे. १८९८च्या कायद्याप्रमाणे वृत्तपत्राची स्वस्त टपालसवलत मिळायची ती एकतीस दिवसांच्या आत निघणाऱ्या प्रकाशनांनाच. द्वैमासिकं, त्रैमासिकं आणि अनियतकालिकं त्यातून आपोआप बाहेर. त्यांना आधार होता बुकपोस्टाचा. डिसेंबर २०२४मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झालं, आणि २०२५मध्ये नोंदणी टपालही स्पीड पोस्टात विलीन झालं. अंक गहाळ होऊ नये अशी काळजी असणाऱ्या संपादकाला आता छपाईइतकाच टपालखर्चाचाही विचार करावा लागतो. त्यातून आजीव वर्गणीदारांचं जोखड. वीस-बावीस वर्षांपूर्वी काही शे रुपये भरलेला वर्गणीदार ठणठणीत असतो आणि अंक आजारी. म्हणून संपादक विशेषांकाकडे वळतो, अतिथी संपादक नेमतो, दिवाळीत जाहिराती गोळा करतो. जितक्या जास्त कवींना सामावून घ्यावं तितके हितसंबंध टिकतात, हे गणितही त्यात आलंच. चाळीस कवींची प्रत्येकी एक कविता असा विभाग बहुतेक अंकांत असतो. तो वाचून एकाही कवीविषयी मत बनवता येत नाही.

याला उपाय मोठा नाही, आणि पैशाचाही नाही. चाळीस कवींऐवजी चार कवी घ्यावेत, प्रत्येकाच्या दहा-बारा कविता छापाव्यात आणि उरलेल्या छत्तीस जणांना दोन ओळींचं पत्र पाठवावं. नव्वदच्या दशकातल्या अंकांनी हे करून दाखवलं होतं. मागच्या अंकातल्या कवितेची झडती पुढच्या अंकात घ्यावी, तीही कवीच्या मित्राकडून नको. परीक्षण म्हणून आज जे छापलं जातं ते बहुतांशी ब्लर्बचं लांबण असतं. कवितेतली कुठली ओळ फसली आहे हे सांगणारं परीक्षण गेल्या वर्षभरात कुठे वाचलं, ते आठवायला मला बराच वेळ लागतो.

यावर संपादकांचं एक म्हणणं असतं, आणि त्यात तथ्य आहे. नकार दिला की कवी वर्गणी थांबवतो. बरेच कवी तर वर्गणी भरतच नाहीत, भरलीच तर आपली कविता असलेला अंक येईपर्यंत. कविता पाठवणाऱ्यांनी जरी अंक विकत घेतले तरी मराठीतलं प्रत्येक लघुनियतकालिक सुखाने चालेल, असं संपादक हसत सांगतात. त्यांच्या टेबलावरच्या पाकिटांकडे आणि वर्गणीच्या वहीकडे एकदम पाहिलं की त्यांचं हसू विनोदाचं नाही हे कळतं. नकार झेलणारा कवी आणि नकार देऊ शकणारा संपादक हे दोघे एकमेकांवाचून तयार होत नाहीत, आणि सध्या दोघेही समोरच्याने सुरुवात करावी म्हणून थांबले आहेत. माझ्या मते सुरुवात संपादकाने करावी. त्याचे थोडे वर्गणीदार गळतील. कवीशी मात्र घडण्याच्या अवघड वयात कुणी खरं बोललं नाही, तर पुढचे चार संग्रह वाया जातात.