लीळा, स्थान आणि वासना : एककाचा प्रश्न

महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य व परस्परस्वतंत्र पदार्थ मानते. अस्तित्वाचे याहून मूलभूत घटक या दर्शनात संभवत नाहीत. परंतु तेराव्या शतकात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली चक्रधरांच्या आठवणी संकलित केल्या, तेव्हा ‘लीळाचरित्रा’ची रचना या चार पदार्थांनुसार झाली नाही. तिचे एकक ठरले लीळा, म्हणजे प्रसंग. पुढे केसोबासांच्या ‘सूत्रपाठा’त वचन हे एकक झाले, तर ‘स्थानपोथी’त स्थान. सामग्री बव्हंशी एकाच स्मृतिभांडारातील; एकक मात्र प्रत्येक वेळी निराळे.

यावरून ‘मूलभूत’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. पदार्थ मूलभूत असतो तो त्याचे अस्तित्व अन्य कशावर अवलंबून नसल्यामुळे. नोंदीचे एकक मूलभूत ठरते ते विशिष्ट प्रयोजनासाठी त्याचे आणखी विभाजन न करण्याचे ठरवल्यामुळे. पहिले सत्ताशास्त्रीय विधान होय. दुसरा संपादकीय निर्णय.

पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या माहितीरचनेच्या प्रतिमानात वस्तू आणि त्यांच्यातील संबंध असे दोन घटक आहेत. संबंध जोडण्यासाठी वस्तू आधी गृहीत धराव्या लागतात. नांदेड जिल्ह्यातील माहूर या क्रमात सहज बसत नाही. भूमी म्हणून ते प्रपंचातच मोडते. पंचकृष्णांपैकी दत्तात्रेयांच्या संबंधामुळे ते पंथाला वंदनीय ‘स्थान’ होते. येथे आधीच सिद्ध असलेल्या स्थानाला संबंध जोडला जात नाही. संबंधच स्थान घडवतो.

लीळाही अशीच परावलंबी आहे. एकाच लीळेविषयी स्मरणे भिन्न असतील, तेथे पोथ्या वेगळे स्मरण ‘वासना’ म्हणून नोंदवतात. मग स्मरण हेच अंतिम एकक मानावे काय? तसे मानताच ही दोन स्मरणे एकाच लीळेची कशावरून, असा प्रश्न उद्भवतो आणि उत्तरासाठी पुन्हा स्थान, व्यक्ती व वचन यांकडेच वळावे लागते. स्वयंसिद्ध एकक हाती लागत नाही.

म्हणून संगणकीय सूचीत प्रत्येक लीळेला एक क्रमांक आणि एकच संहिता देणे ही तटस्थ कृती नव्हे. तीत वासना दुय्यम ठरते आणि ते स्मरण जपणारा साक्षीदार नोंदीबाहेर पडतो. चार पदार्थ निःसंदिग्धपणे सांगणाऱ्या परंपरेने नोंदीच्या पातळीवर मतभेद शिल्लक ठेवला. सूचीकाराने तो पुसावा, याला सत्ताशास्त्राचा आधार नाही.