स्वनिर्मित भावचिन्हे : संकेत आणि संमती

शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये जपानच्या डोकोमो कंपनीसाठी आखलेली १७६ इमोजी अर्थात भावचिन्हे अवघ्या १२×१२ बिंदूंच्या चौकटीत बसविलेली होती. तपशील नव्हता, म्हणूनच ती कोणाच्याही भावनेस लागू पडली. २०१० मध्ये युनिकोडने अशा शेकडो चिन्हांना संकेतांक दिले. स्लॅक, डिस्कॉर्ड यांसारख्या संवादमंचांवर स्वतःजवळच्या छायाचित्रातून घडविलेल्या भावचिन्हास मात्र संकेतांक नसतो. असते केवळ चित्र आणि दोन अपूर्णविरामांमधील नाव. मजकूर अन्यत्र उतरविला की चित्र गळते, नाव उरते. त्याचा अर्थ गटाच्या रूढीवरच उभा असतो. काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही रूढिलक्षणा होय, आणि तिचे खरे आकर्षणही तेच. परंतु एखाद्या सहकाऱ्याची जांभई ‘कंटाळा’ या अर्थी रूढ झाली, की स्वतःच्या चेहऱ्याच्या अर्थावर त्याचाच अधिकार राहत नाही. टोपणनाव (प्राध्यापकांना त्याचा अनुभव असतोच) निदान तोंडावर नाकारता येते. येथे वापर त्याच्या अनुपस्थितीतही चालूच राहतो, आणि ‘गंमत’ हे त्याचे समर्थन अपुरे आहे. चित्र कोणी चढवावे हे गटाचा व्यवस्थापक ठरवू शकतो. ज्याचा चेहरा आहे त्याला विचारण्याची सोय या रचनेत नाही.