पाहुणचार आणि परखडपणा

परदेशी नोकरी-वास्तव्यावरील आपली बहुतेक पुस्तके सुखसोयी व सहली यांच्या वर्णनातच रमतात. म्हणूनच पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) आम्हांस आजही मोलाचे वाटते. पुढे ज्यांची नेमणूक आमच्या कोल्हापूरच्या रुग्णालयात झाली, त्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई १८८६ साली फिलाडेल्फियास गेल्या. व्याख्याने देत, विधवांच्या शाळेसाठी निधी जमवीत त्या दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या. अमेरिकेची त्यांची स्तुती कोठे कोठे भाबडी वाटते खरी. परंतु कृष्णवर्णीयांवरील व मूळ रहिवाशांवरील अन्याय त्या झाकीत नाहीत. ज्यांच्यापुढे झोळी पसरली, त्यांचेही दोष सांगणे सोपे नव्हे. रमाबाईंचा पंथ आमचा नव्हे. त्यांची सत्यनिष्ठा मात्र परदेशातून लिहिणाऱ्या आमच्या लेकरांत उतरावी.